'असम्प्शन'ला मराठीत काय लिहायचं: गृहीतक की परिकल्पना?

प्रश्न असा आलाय की एम.एड.च्या लघुप्रबंधात असम्प्शन्सचा मुद्दा लिहायचाय, गाईड म्हणतात 'गृहीतके' लिही, पण लायब्ररीतल्या एका जुन्या प्रबंधात हायपोथेसिसलाच गृहीतके म्हटलंय, तर बरोबर काय? आणि 'गृहित' की 'गृहीत'?

गाईडचं ऐका. असम्प्शन म्हणजे गृहीतक आणि हायपोथेसिस म्हणजे परिकल्पना, निदान शिक्षणशास्त्रात आज हेच रुळलंय. जे तुम्ही तपासणार आहात ती परिकल्पना, आणि जे या अभ्यासात तपासणार नाही पण ज्याच्या भरवशावर बाकीचं सगळं तपासणार ते गृहीतक. 'गटचर्चेने शिकवलं तर सातवीच्या मुलांचं आकलन वाढतं' ही परिकल्पना झाली. 'आपली चाचणी आकलनच मोजते, पाठांतर नाही' हे गृहीतक. परिकल्पना खोटी ठरली तरी काही बिघडत नाही, तोही निष्कर्षच आहे, पण गृहीतक खोटं निघालं तर परिकल्पनेबद्दल हो किंवा नाही काहीच बोलता येत नाही.

यात 'अभ्युपगम' हा तिसरा शब्दही मधे येतो, काही मराठी लेखनात तो हायपोथेसिससाठी वापरलेला दिसतो. पण न्यायसूत्रांत, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, सिद्धांताचे जे चार प्रकार सांगितलेत त्यातला अभ्युपगमसिद्धांत म्हणजे एखादी गोष्ट न तपासता तात्पुरती मान्य करायची आणि मग तिच्यातल्या विशेष बाबींची परीक्षा करायची. म्हणजे मूळ अर्थ बघितला तर तो असम्प्शनच्याच जास्त जवळचा! तरी प्रबंधात हा शब्द नका वापरू, वाचणारा अडखळेल.

मला खरी अडचण वाटते ती 'गृहीत धरणे' या आपल्या रोजच्या वाक्प्रचाराची. 'मला गृहीत धरू नकोस' असं आपण चिडून म्हणतो, तिथे गृहीत धरणं म्हणजे विचारायचीसुद्धा गरज न वाटणं. तोच अर्थ नकळत प्रबंधात शिरतो, आणि मग 'प्रतिसादकांनी प्रामाणिक उत्तरे दिली आहेत असे गृहीत धरले आहे' एवढं एक वाक्य टाकून लोक पुढच्या मुद्द्याकडे जातात. संशोधनातलं गृहीतक असं नसतं. ते सिद्ध करायचं नसलं तरी त्याला आधार द्यावा लागतो, आणि मुख्य म्हणजे ते उघड मांडावं लागतं, म्हणजे दुसऱ्याला त्यावर बोट ठेवता येतं.

याचं आपल्याकडचं फार चांगलं उदाहरण पुण्यातलंच आहे. गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी माणशी रोज 2250 कॅलरी ही किमान गरज धरली, मग राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांत बघितलं की किती खर्च करणाऱ्या कुटुंबांना एवढ्या कॅलरी मिळतात, आणि 1960-61 च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना 15 रुपये, शहरात साडेबावीस अशी दारिद्र्याची रेषा काढली. खर्चाचे आकडे पाहणीतून आले, पण 2250 हा आकडा गृहीतक होता. पुढे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी नेमकं त्याच आकड्यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की निरोगी माणसाची गरजही एकसारखी नसते, माणसामाणसात फरक असतो आणि एकाच माणसाची गरजसुद्धा दिवसागणिक बदलते, त्यामुळे सरासरीलाच किमान मानलं तर सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी ठरतो आणि आकडा फुगतो. दांडेकरांनी त्याला उत्तरं दिली, वाद बरीच वर्षं चालला. सुखात्मेंचा युक्तिवाद मला पूर्ण पटत नाही, कारण गरिबाच्या ताटातली कमतरता शरीराच्या चढउतारातून येत नाही, हातात पैसा नसण्यातून येते. पण हा वाद एवढा मुद्देसूद होऊ शकला तो 2250 हा आकडा लपवलेला नव्हता म्हणूनच.

आता तुमचं वाक्य. नुसतं 'प्रामाणिक उत्तरे दिली आहेत' च्या ऐवजी असं काहीतरी लिहा: 'विद्यार्थ्यांनी प्रामाणिक उत्तरे दिली, असे गृहीतक आहे. त्यासाठी प्रश्नावलीवर नाव लिहायला सांगितले नाही, प्रश्नावली भरताना वर्गशिक्षक उपस्थित नव्हते, आणि दोन प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारले.' अर्थात हे खरंच केलं असेल तरच लिहायचं, नसेल केलं तर डेटा गोळा करायच्या आधी करून घ्या, अजून वेळ असेल तर. आणि ज्याला असा काहीच आधार देता येत नाही ते वाक्य गृहीतकांतून काढून 'मर्यादा' या मुद्द्याखाली हलवा, तिथे ते जास्त खरं वाटेल.

शुद्धलेखनाचं म्हणाल तर 'गृहीत'च, त्यातला 'ही' दीर्घ. ग्रह् धातूवरून आलेला संस्कृत शब्द आहे, संगृहीत आणि अनुगृहीत तसाच. 'गृहिणी'शी त्याचा संबंध नाही, ती गृह म्हणजे घर यावरून आलेली, म्हणून तिथे हि ऱ्हस्व. अनेकवचन प्रबंधात 'गृहीतके' लिहा, बोलताना 'गृहीतकं' चालतं.