विंडोजवर 60 फ्रेम देणारा गेम लिनक्सवर 20 वर का अडकतो?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे, विंडोजवर गेम सेकंदाला 60 फ्रेम द्यायचा आणि उबुंटू लिनक्सवर स्टीममधून प्रोटॉनने (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी स्टीमची सोय) लावला की 20 वर येतो. ग्राफिक्स अगदी 'लो' वर आणले तेव्हा कुठे 25. मला पहिली शंका येते ती ही, की गेम एनव्हिडियावर चालतच नाहीये, प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्स चिपवर चालतोय.

प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके हे विंडोजच्या डायरेक्टएक्स 9 ते 11 च्या ग्राफिक्स सूचना व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्स सूचनांमध्ये, बदलतं, 12 साठी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन आहे. या बदलाबदलीत थोडा वेग जातो, पण साठाचे वीस सहसा होत नाहीत. म्हणून आधी सेटिंग्जशी खेळत बसू नका. गेम चालू ठेवून टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय (nvidia-smi) ही कमांड द्या आणि खालच्या यादीत गेमचं नाव दिसतंय का बघा.

माझ्या भाच्याचं हेच झालं होतं. तो नेरूळला राहतो, मी ठाण्याला. फोनवर दोन रात्री घालवून काही हाती लागेना, शेवटी रविवारी ट्रान्स-हार्बर लोकलने गेलो. कमांड दिली तर यादी नाहीच, ड्रायव्हरशी बोलता येत नाही एवढाच एरर. सिक्युअर बूट, म्हणजे मंजूर सही नसलेला ड्रायव्हर लोड होऊ न देणारी सोय, चालू होतं. ड्रायव्हर टाकताना त्याने पासवर्ड ठरवला होता, पण रीस्टार्टनंतर जो निळा स्क्रीन येतो, 'परफॉर्म एमओके मॅनेजमेंट' लिहिलेला (एमओके म्हणजे मशीनच्या मालकाने मंजूर केलेली की), तो दहा सेकंदच थांबतो. बटण दाबलं नाही तर मशीन मुकाट पुढे बूट होतं आणि ड्रायव्हर लोडच होत नाही. बिचारा महिनाभर इंटेलच्या चिपवर खेळत होता! एमओके-यूटिल (mokutil) या कमांडने ती की पुन्हा इम्पोर्ट केली, या वेळी स्क्रीनसमोर बसून 'एनरोल एमओके' निवडलं, पासवर्ड दिला. काम झालं.

तुमच्याकडे एरर नाही, पण यादीत गेमही नाही, असं असेल तर ड्रायव्हर ठीक आहे, फक्त मोड ऑन-डिमांड असावा, म्हणजे सांगितल्याशिवाय एनव्हिडिया वापरलं जात नाही. एनव्हिडिया सेटिंग्जमध्ये प्राइम प्रोफाइल्समध्ये परफॉर्मन्स मोड निवडा आणि रीस्टार्ट करा. बॅटरी लवकर उतरेल, तेव्हा चार्जर लावूनच खेळा. तसंही बॅटरीवर बरेचसे लॅपटॉप कार्डाला पूर्ण वीज देत नाहीत.

फ्रेम एरवी छान, पण नवीन जागी गेलं की क्षणभर अडकतं, हा त्रास वेगळा. तिथे शेडर, म्हणजे दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, त्याच वेळी तयार होत असतात. नोव्हेंबर 2022 मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके 2.0 पासून हे बरंच कमी झालंय, फक्त ड्रायव्हरला व्हल्कन 1.3 यायला हवं. स्टीम सुरुवातीला शेडर प्रोसेस करतं ते 'स्किप' करू नका, कितीही कंटाळा आला तरी.

आणि गेम विंडोजच्याच एनटीएफएस पार्टिशनवरून (विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला डिस्कचा भाग) चालवत असाल तर तो लिनक्सच्या पार्टिशनवर हलवा. प्रोटॉनचं एनटीएफएसशी नीट जमत नाही.

एनव्हिडिया-एसएमआयमध्ये काय दिसलं ते जसंच्या तसं कॉमेंटमध्ये टाका, पुढचं बघू.