पत्रातली ती एक ओळ

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. साडेचार वर्षांची मुलगी आणि वीस महिन्यांचा मुलगा दिवसभर सासूबाईंजवळ असतात. घरात सकाळपासून रात्रीपर्यंत टीव्ही सुरूच. मुलगी मालिकेतल्या खलनायिकेसारखी भुवई उंचावून ‘मी तुला सोडणार नाही’ म्हणते, बाहुलीलाही तसंच दटावते. गेल्या आठवड्यात तिने भावाला कार्टूनमधल्यासारखी लाथ मारली. मी रिमोट लपवून ठेवला. दोन दिवस घरात रडारड झाली. ‘आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?’ असं म्हणून सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. धाकटा शांत आहे, टीव्हीसमोरच खेळत बसतो, अजून फारसं बोलत नाही. मुलीच्या मनावर कायमचा परिणाम झाला असेल का? टीव्ही विकूनच टाकू का?
– एक घाबरलेली आई

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मुलीचं वागणंच डोळ्यांसमोर राहिलं. दुसऱ्यांदा मात्र धाकट्यावरच्या त्या एका ओळीपाशी थांबले. तिच्याकडे येतेच, पण आधी तुमची भीती थोडी हलकी करू.

तुमच्या मुलीचं काही बिघडलेलं नाही. या वयाची मुलं जे पाहतात ते करून बघतात. बोलायला, केस विंचरायला, बाहुलीला थोपटायला तीही अशीच शिकली असणार. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९६१ साली बालवाडीच्या वयाच्या मुलांसमोर मोठ्या माणसाला एक हवा भरलेली बाहुली बडवायला लावली. नंतर मुलांनीही तिला तसंच बडवलं, तेच शब्द उच्चारत. पुढे १९६३ साली हेच दृश्य पडद्यावर दाखवलं, तरीही मुलांनी नक्कल केली.

१९६५ सालचा त्यांचा प्रयोग तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. या वेळी काही मुलांना दाखवलेल्या फिल्ममध्ये मारणाऱ्याला शेवटी शिक्षा होते. त्या मुलांनी नक्कल कमी केली. पण ‘पाहिलेलं करून दाखवलंत तर बक्षीस’ म्हटल्यावर त्यांनाही सगळं येत होतं! म्हणजे शिक्षा पाहून मूल हात आवरतं, पण पाहिलेलं शिकलेलं असतंच. आणि मालिकेत तर खलनायिका महिनोन् महिने जिंकत असते, शिक्षा झालीच तर शेवटी. साडेचार वर्षांची मुलगी तोवर काय पाहते? डोळे मोठे करून बोललं की सगळे गप्प बसतात, एवढंच. तिने तेच उचललंय.

यावर ‘असं बोलायचं नाही’ म्हणून दटावू नका, कारण तेही तिला त्या बाईसारखंच वाटेल. तिच्या खेळात शिरा. ती बाहुलीला रागवत असेल तर तुम्ही बाहुली व्हा आणि म्हणा, ‘मला खूप भीती वाटली. आता मला जवळ घेशील?’ बहुतेक मुलं अशा वेळी खेळाचा सूर बदलतात. भावाला लाथ मारली तर मात्र तिचा पाय तिथेच धरायचा, ‘मारायचं नाही’ एवढंच शांतपणे सांगायचं आणि आधी भावाला जवळ घ्यायचं.

आता धाकट्याकडे येऊ. तो शांत आहे याचंच मला वाईट वाटलं. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन बसवलं आणि अर्धा तास शेजारी मोठ्यांचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम लावून ठेवला. मुलं त्याकडे मधूनच काही सेकंद पाहत होती. तरीही तेवढ्या वेळात त्यांचा खेळ तुटक झाला, एका खेळण्यात रमणं कमी झालं. त्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी दाखवलं, की टीव्ही सुरू असला की आईवडीलही मुलांशी कमी बोलतात. म्हणजे कोणी बघत नसलेला टीव्हीसुद्धा घरातलं बोलणं खातो.

आणि बोलणं शिकायला माणूसच लागतो. भाषा शिकण्यावर संशोधन करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसांकडून बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तीच माणसं, तेच शब्द दुसऱ्या बाळांना टीव्हीवर दाखवले, तेव्हा ती काहीच शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर चांगलंच.

धाकटा टीव्हीमुळेच बोलत नाही, असं मी पत्रावरून म्हणणार नाही. म्हणूनच त्याला याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्याचं ऐकणं तपासून घ्या. नाव घेतल्यावर तो वळून बघतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, सांगितलेलं त्याला कळतं का, हे तोवर बघून ठेवा. ‘मुलगे उशिराच बोलतात’ असं कोणी म्हटलं तरी थांबू नका.

टीव्ही विकू नका, पण तो सुरू राहण्याची सवय मोडा. मुलीला रोज एक ठरलेला कार्यक्रम दाखवा, तोही धाकटा झोपलेला असताना. आधी सांगून ठेवा आणि तो संपल्यावरच बंद करा. गोष्ट अर्ध्यात तोडली की रडू येणारच. जेवताना बातम्या लागत असतील तर त्याही बंद, मग त्या मुलांच्या बाबांना कितीही हव्या असोत.

आणि सासूबाई. दोन लहान मुलांबरोबर दिवसभर घरात असलेल्या बाईला बोलायला मोठं माणूस कोण असतं? टीव्हीच. त्यांची मालिका त्यांची आहे. ती मुलं झोपल्यावर किंवा तुम्ही घरी आल्यावर त्यांना निवांत बघू द्या, तेवढा वेळ मुलं तुम्ही सांभाळा. बाकीच्या वेळेसाठी नियम सांगू नका, मदत मागा. ‘याला शब्द शिकायचेत आणि दिवसभर त्याच्या कानावर तुमचाच आवाज पडतो’ हे त्यांना सांगा. ते खरंच आहे.

रिमोट आज संध्याकाळी त्यांच्या हातात परत द्या आणि लपवल्याबद्दल माफी मागा. डॉक्टरांकडे जाताना त्यांनाही सोबत न्या. धाकटा दिवसभरात काय बोलतो, केव्हा बोलतो, हे तिथे त्यांनाच नीट सांगता येईल.