घरी बांबूचा आकाशकंदील करताना सांगाडा तिरका का होतो आणि कागदाला चुण्या का पडतात?

तुम्ही लिहिलंय की पारंपरिक कंदील दोनदा करून बघितला. सांगाडा हातात घेतला की एका बाजूला कलंडतो, कागद वाळला की कडांना चुण्या पडतात, आणि आता विकतचाच आणावा का असं वाटतंय. आणू नका. दोन्ही गोष्टी सहज सुधारतात.

आधी सांगाडा. आपला नेहमीचा कंदील म्हणजे एकमेकांना कोपऱ्यात बांधलेले सहा सारखे चौकोन. त्रिकोण वेगळे करावेच लागत नाहीत. सहा चौकोन जुळले की मधल्या मोकळ्या जागेत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, आणि सगळ्या कामातला सर्वांत मजेचा क्षण मला तरी तोच वाटतो. पण चौकोन मुळातच लेचापेचा. गाठ कितीही आवळा, चार काड्यांचा चौकोन दाबला की पतंगासारखा तिरका होणारच. त्रिकोण होत नाही. म्हणजे दोष गाठींचा नाही, चौकोनांना कर्ण दिलेला नाही याचा आहे. सहा चौकोनांना कर्ण दिले की सांगाडा हलत नाही. (कर्ण न देता सांगाडा एका त्रिकोणावर ठेवून वरचा त्रिकोण हाताने खाली दाबून बघा, अख्खा सांगाडा गोल फिरत खाली बसतो. अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी याच हालचालीला ‘जिटरबग’ हे नाचाचं नाव दिलं होतं.)

२२ सेंमीच्या २४ कामट्या घ्या, आणि वरच्या कर्णासाठी ३० सेंमीची एक. रुंदी ४-५ मिमी, जाडी २-३ मिमी. बुरुडाकडे सांगून घेतल्या तर तो तासूनही देतो. बांबू ओला नको, कारण वाळताना तो आकसतो आणि आज घट्ट असलेली गाठ आठवड्यात सैल होते. पेर कामटीच्या टोकाशी येऊ देऊ नका, तिथे गाठ नीट बसत नाही. खराट्याच्या काड्या एवढ्या लांबीला वाकतात, त्या फक्त छोट्या कंदिलाला. कुसळं हातात जातात म्हणून मुलांच्या हाती देण्याआधी सगळ्या कामट्यांवरून सँडपेपर फिरवा.

टोकं १-१ सेंमी एकमेकांवर ठेवून सुती दोऱ्याने फुलीची गाठ मारा, म्हणजे बाजू २० सेंमीची उरते. दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही साधारण २८ सेंमी भरले तरच चौकोन सरळ. चौकोन जमिनीवर आडवा असतानाच त्यात दोऱ्याची फुली ताणून बांधा. दोऱ्याची सावली कागदावर जवळजवळ दिसत नाही, कामटीची ठळक दिसते. असे पाच चौकोन. सहाव्याला, म्हणजे वरच्याला, कर्ण म्हणून कामटीच द्या, कारण बल्बचा होल्डर तिलाच बांधायचा आहे.

आता एक चौकोन जमिनीवर ठेवा. त्याच्या चार कोपऱ्यांना चार चौकोनांचा एकेक कोपरा बांधा, ते उभे करून शेजारच्या कोपऱ्याला कोपरा बांधा, आणि वर सहावा बसवा. चार, चार आणि चार, एकूण बारा जोड. कंदील २८ सेंमी उंच होतो. एवढं एका संध्याकाळचं काम. कागद दुसऱ्या दिवशी लावा.

चुण्यांचं कारण खळ. पातळ खळ कागदाला लावली की फक्त कड भिजते आणि फुगते, मधला भाग कोरडाच राहतो, आणि ती फुगलेली कड आहे तशी चिकटते. म्हणून खळ जाड हवी आणि ती कागदाला नाही, कामटीला लावायची. तीन मोठे चमचे मैदा (सुमारे ३० ग्रॅम) आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग एकूण पाणी एक कप (२०० मिली) होईल इतकं घालून मंद आंचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन खळ अर्धपारदर्शक झाली की उतरवा. गार झाल्यावर ती चमच्यावरून थबकत पडली पाहिजे. कामटीला लावून अर्धा मिनिट थांबा, मग कागद टेका. आधी एक बाजू, मग तिच्या समोरची, शेवटी उरलेल्या दोन. कामटी कमान होईल इतकं ताणू नका. काहीजण वाळलेल्या कागदावर पाण्याचा फवारा मारतात, म्हणजे तो तट्ट होतो. पतंगाच्या कागदाचा रंग सुटतो, तेव्हा आधी तुकड्यावर करून बघा.

बाजूच्या चौकोनांना २२ सेंमीचे चार तुकडे, त्रिकोणांना तिन्ही कडांना १ सेंमी दुमड सोडून आठ. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवा, म्हणजे उष्णता वर निघून जाते, वाराही आरपार जातो. सांध्यांवर सोनेरी कागदाची १ सेंमीची पट्टी लावली की वाकडी कातरकामं झाकली जातात. झिरमिळ्यांसाठी कागदाची चार पदरी घडी घालून वर ३ सेंमी सोडा आणि खाली १ सेंमीच्या पट्ट्या कापा.

बल्ब ५ वॅटचा एलईडी, पिवळसर उजेडाचा. पांढऱ्या उजेडात लाल आणि केशरी कागद मळकट दिसतो. कंदील वायरवर कधीही टांगू नका. वरच्या चार कोपऱ्यांना चार दोऱ्या बांधून त्या एकत्र आणा, वायर सैल राहू दे. दहिवराने खळ सुटते, तेव्हा छपराखालीच लावा.

फेविकॉल वापरू का, असंही विचारलंय. गाठींवर थेंबभर चालेल, कागदाला नको. खळ लावलेला कागद पुढच्या दिवाळीत ओल्या फडक्याने सुटतो आणि सांगाडा तसाच वापरता येतो. फेविकॉलचा खरवडावा लागतो.