काळपुळी, फाशी आणि आजीची 'कायपुयी'

शिरपूर तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे: "गुरांच्या दवाखान्यातल्या फलकावर 'फाशी' लिहिलंय, पेपरात त्याच रोगाला 'काळपुळी' म्हटलंय. माझ्या आजोबांच्या पाठीवर काळपुळी झाली होती. आजी तिला 'कायपुयी' म्हणायची. मग आजोबांना ढोरांचा रोग लागला होता का? आणि खरा शब्द कोणता?"

आधी आजोबांचं. त्यांना डायबेटिस होता आणि फोड ठणकत होता, त्यातून चार-पाच तोंडांनी पू येत होता, असं तुम्हीच पुढे लिहिलंय. त्यावरून तरी ते गुरांकडून आलेलं वाटत नाही. कार्बंकल म्हणतात ते हेच, आणि मराठीत त्यालाही काळपुळीच म्हणतात. ते होतं बहुधा स्टॅफिलोकोकस नावाच्या जिवाणूने, जो आपल्या कातडीवर एरवीही बसलेला असतो. आयुर्वेदात प्रमेहपिडका म्हणून मधुमेह्यांच्या अशा फोडांचं वेगळं वर्णनच आहे.

अँथ्रॅक्सची, म्हणजे फलकावरच्या त्या 'फाशी' रोगाची, काळपुळी निराळी. मेलेलं जनावर सोलणाऱ्याच्या, कातडं हाताळणाऱ्याच्या हातावर आधी किडा चावल्यासारखी खाजरी पुळी येते, मग पाणी धरते, मग मधोमध काळी खपली बसते. भोवती सूज भरपूर, पण ती खपली दुखत नाही. फसगत इथेच होते, कारण न दुखणाऱ्या पुळीसाठी कोण दवाखान्यात जातो?

दोन वेगळ्या रोगांना एकच नाव हा मराठीचाच गोंधळ आहे असं मात्र समजू नका. ग्रीक 'अँथ्रॅक्स' म्हणजे कोळसा. लॅटिन 'कार्बंक्युलस' म्हणजे छोटा कोळसा. फ्रेंच लोक या रोगाला 'शार्बाँ' म्हणतात, म्हणजे पुन्हा कोळसाच. आपण कोळशापर्यंत गेलो नाही, नुसतं 'काळ' म्हणून थांबलो. हा 'काळ' म्हणजे यम असं काही जण सांगतात. मला ते ओढूनताणून वाटतं. काळमांजर, काळवीट यांतला काळाच इथे आहे.

'कायपुयी'त आजीचं काही चुकलेलं नाही. अहिराणीत ळ चा य होतो: डोळा-डोया, काळा-काया. त्या हिशेबाने काळपुळीची कायपुयी अगदी नियमात बसते.

आता फाशी. हे नाव गुराच्या बाजूने पडलंय. गुरांमध्ये काळी पुळी सहसा दिसतच नाही. संध्याकाळी वैरण खाल्लेला बैल सकाळी गोठ्यात आडवा, नाका-तोंडातून न गोठणारं काळपट रक्त, पोट फुगलेलं. पाहणाऱ्याला फास लागल्यासारखं वाटलं असणार, असा माझा तर्क. म्हणून माझं मत असं: गुरांबद्दल बोलताना फाशी म्हणा, माणसांबद्दल सरळ अँथ्रॅक्स म्हणा. काळपुळी कार्बंकलसाठी ठेवली तर निदान आजोबांवर नसता संशय येणार नाही.

पेपरातली दुसरी चूक मला जास्त खुपते: 'अँथ्रॅक्सचा विषाणू'. तो विषाणू नव्हे, जिवाणू. नाव बॅसिलस अँथ्रॅसिस, बॅसिलस म्हणजे छोटी काडी. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने 1876 साली दाखवून दिलं की या काड्या बीजाणू (म्हणजे जिवाणूचं चिवट, निद्रिस्त रूप) धरतात आणि ते बीजाणू पुन्हा रोग निर्माण करू शकतात. मातीत ते कित्येक वर्षं टिकून राहतात. चुनखडीचं प्रमाण जास्त असलेली जमीन त्यांना विशेष मानवते. बीजाणू धरायला हवा लागते. म्हणून फाशीने मेलेलं ढोर फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही, आहे तसं खोल पुरायचं किंवा जाळायचं. न फाडलेल्या धडात जिवाणू कुजण्याबरोबरच बहुतांशी मरतात. रक्त मातीत सांडलं की मात्र ते शिवार पुढच्या पिढीच्या गुरांनाही नडू शकतं. पाश्चरने तर गांडुळं हे बीजाणू वर आणतात असं म्हटलं होतं. 1881 मध्ये त्याने मेंढ्यांवर लशीचा जाहीर प्रयोग केला, तो याच रोगावर.

फलकावर शेजारी 'फऱ्या' असेल, तो याच्याशी मिसळू नका. फरा म्हणजे जनावराच्या खांद्याचा किंवा मांडीचा मांसल भाग. तिथे सूज येते, दाबली की आत वायू चरचरतो, जनावर एक पाय उचलून चालतं, म्हणून 'एकटांग्या'सुद्धा. हाही मातीतलाच जिवाणू, पण माणसाला सहसा त्रास देत नाही.

आणि 'घटसर्प'? आखाजीनंतर, पावसाच्या तोंडावर ढोरांना ज्याची लस टोचतात तो घटसर्प वेगळा, आणि लहान मुलांच्या घशात होतो तो घटसर्प, म्हणजे डिप्थेरिया, वेगळा. दोन्हींचे जिवाणूही वेगळे. तिथे मात्र मला अजून दुसरा सुटसुटीत शब्द सुचलेला नाही. तुमच्याकडे अहिराणीत काही असेल तर जरूर कळवा.