साताऱ्याहून सावित्री नदीच्या मुखापाशी जायचे आहे. तेथे पोहता येते का?

थेट मुखापाशी पोहू नये, ओहोटी लागल्यावर तर मुळीच नाही. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री बाणकोट आणि हरिहरेश्वर यांच्यामध्ये अरबी समुद्राला मिळते. ओहोटीत खाडीचे पाणी वेगाने बाहेर पडते आणि आत येणाऱ्या लाटांना सामोरे जाते, त्यामुळे त्या आखूड व उभ्या होऊन उथळ वाळूवर फुटतात. हरिहरेश्वराच्या बाजूला लाटांनी झिजवलेले कातळाचे सपाट ओटे आहेत आणि ते अवश्य पाहावेत, मात्र भरतीत ते पाण्याखाली जातात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला साधारण तीन. पूर्ण ओहोटी त्याच्या सुमारे सहा तास आधी वा नंतर असते, म्हणजे ओटे पाहण्यासाठी नऊच्या आसपास पोहोचावे. हा कोकणातला जुना हिशेब अंदाजापुरताच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पुरेसे अंतर राखावे. आंबेनळी घाटाने पोलादपूर, पुढे महाड, मंडणगडमार्गे बाणकोट गाठता येते, आणि वेसवी-बागमांडला फेरीबोटीने गाडीसह खाडी ओलांडता येते. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात व समुद्र खवळलेला असतो, तेव्हा हा बेत करू नये.