मॅचच्या दिवशीच पोट का दुखतं?

कुडाळकडचे एक वडील, स्वतःची रिक्षा चालवतात (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात), मुलाला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आले. "मॅडम, माझ्या झिलाक काय झाला ताच कळणा नाय." मुलगा 13 वर्षांचा, शाळेच्या कबड्डी टीममध्ये राइट इनला, म्हणजे उजव्या टोकाच्या कॉर्नरच्या शेजारी खेळतो, आणि मॅचच्या दिवशीच सकाळी पोट दुखतं, डॉक्टरांनी तपासून झालं, काही निघालं नाही.

वडील बाहेर बसले तेव्हा मुलगा बोलायला लागला. मागच्या मॅचला राइट कॉर्नरच्या पोराने घाई करून पायाला हात घातला, पकड सुटली, चढाईवाला तिघांना घेऊन गेला आणि पुढच्या चढाईत लोण, म्हणजे अख्खी टीम बाद. पप्पा लाइनीबाहेरून ओरडले, त्याला बाहेर काढा, त्याच्यामुळे हरतोय. सगळ्या मैदानाने ऐकलं. आणि मग मुलगा जे म्हणाला ते मी अजून विसरले नाहीये, "मॅडम, मला त्याचाच हात धरून उभं राहावं लागतं."

कबड्डी ज्यांनी खेळलीय त्यांना कळेल, कॉर्नर आणि इन साखळी धरूनच बचाव करतात, चढाई 30 सेकंदांची, तेवढ्यात एकाने पाय धरला की दुसऱ्याने झेपावायचं असतं, आणि ज्याचा हात धरलाय त्याच्यासमोर मान वर करायची लाज वाटत असेल तर पोरगं झेपावणार कसं? तो कॉर्नरचा पोरगा आता याच्याशी बोलतही नव्हता.

वडिलांना हे सांगितलं तर गप्प झाले. मग तोच प्रश्न, जो मला बरेच पालक विचारतात, "पण दुसऱ्याच्या पोराक शाबासकी दिली तर माझ्या झिलाक वायट नाय वाटूचा?"

नाही वाटत हो. वाईट वाटतं ते तुलना केली की, तो बघ कसा खेळतो आणि तू, असं. तुलना न करता दुसऱ्याला बरं बोललात तर मुलाला कळतं की इथे चुकलं तरी कोणी टाकून देत नाही, म्हणजे आपल्यालाही नाही देणार. मी त्यांना एवढंच सांगितलं, मॅचमध्ये कोणाच्याच पोराला सूचना द्यायच्या नाहीत, ते सरांचं काम, आणि मॅच झाल्यावर त्या पोराला जाऊन डोळ्यांनी बघितलेली एक खरी गोष्ट सांगायची. उगाच "छान खेळलास" नको, पोरांना खोटं लगेच कळतं. ओरडलात त्याबद्दल चुकलो म्हणा, तेही त्याच्या समोर.

तीन आठवड्यांनी आले. मॅच हरलेच होते. पण वडील त्या पोराजवळ गेले, म्हणाले, "बाबू, त्या दिवशी मी चुकलंय. आज दुसऱ्या हाफला तू घोटो धरलंस तो सोडलंस नाय, बघलंय मी." पोरगा काही बोलला नाही, गुडघ्यावरची लाल माती झटकत राहिला. पोटात अजून थोडं दुखतं म्हणे सकाळी, ते जायला वेळ लागेल. पण त्या दिवशी परत येताना तो पोरगा यांच्याच रिक्षातून आला, मागे दोघं बसले होते, घर येईपर्यंत कुठली पकड कशी सुटली तेच चाललेलं.