हर्मिट क्रॅब चार दिवस हलला नाही, उकरून पाहू का?

नका उकरू. आधी वास घ्या.

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीतल्या वाइल्डवुडच्या बोर्डवॉकवरून (किनाऱ्यालगतच्या फळ्यांच्या रस्त्यावरून) लेकीसाठी दोन हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, आणले, सोबत तारेचा पिंजरा, रंगीत खडी, स्पंज आणि खाऊची डबी मिळाली, आणि त्यातला एक खडीत अर्धा शिरून गप्प बसलाय. मेलेल्या खेकड्याचा वास लपत नाही. कुजक्या मासळीसारखा येतो आणि वाढतच जातो. तसा येत नसेल तर तो जिवंत आहे असंच धरून चाला. बहुधा कात टाकायच्या बेतात असेल.

आम्ही इथेच चुकलो होतो. आमचा पहिला तीन आठवडे वाळूखाली होता. नवरा म्हणाला, गेला असणार, आणि मी चमच्याने उकरला. आत मऊ, फिकट गुलाबी जीव, शेजारी त्याचीच टाकलेली कात. ती कात तो नंतर खातो, कॅल्शियम परत मिळवायला. दोन दिवसांत तो खरंच गेला. का गेला हे मुलाला अजून सांगितलेलं नाही. या कामाला महिना-दोन महिने सहज लागतात, मोठ्या खेकड्याला त्याहून जास्त.

तेव्हा आज एवढंच करा. प्लास्टिकची बाटली कापून तिचं कडं त्याच्याभोवती गोल उभं करा, म्हणजे दुसरा त्याला खाणार नाही (मऊ झालेल्याला खातात, अगदी जोडीदारालाही). पिंजऱ्यावर क्लिंग फिल्म गुंडाळा, वरून काळं कापड टाका, आत एक ओला रुमाल ठेवा. त्याला हलवू नका.

दुसऱ्यासाठी मात्र काचेची पेटी आणाच, दोघांना मिळून दहा गॅलनची तरी. लहानपणी रत्नागिरीला खडकांतल्या डबक्यात पळणारे शंख पाहिले असतील, तेही याच गोतावळ्यातले. पण ते पाण्यातले. तुमचे बहुधा कॅरिबियनचे, जमिनीवर राहणारे. श्वास मात्र कल्ल्यांनीच घेतात, आणि कल्ले ओले राहिले तरच. तारेच्या पिंजऱ्यातल्या कोरड्या हवेत ते हळूहळू गुदमरतात, कधी आठवडे लागतात, आणि लोक म्हणतात, 'नाजूकच असतात हो'. नाजूक कसले! नीट ठेवले तर तीस वर्षंही जगतात.

सोपं करून सांगते: पेटीत मुंबईतला जुलै महिना तयार करायचा. आर्द्रता ७५ ते ८५ टक्के, तापमान २४ ते २९ अंश सेल्सिअस, वर घट्ट झाकण. साधा आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, तो घ्या. अंदाजावर राहू नका, इथे हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की घरातली हवा पापडासारखी कोरडी होते. हीटिंग पॅड पेटीखाली लावू नका, वाळूत पुरलेला खेकडा भाजून निघेल. मागच्या काचेला, वाळूच्या वर लावा.

खडी फेकून द्या. पाच भाग वाळू, एक भाग कोकोपीट, सहा इंच तरी खोल. वीतभर झाली तर उत्तम. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पाणी गळता कामा नये.

पाण्याच्या दोन वाट्या हव्यात, एक गोड आणि एक खारी. बुडी मारता येईल इतक्या खोल, आणि बाहेर चढायला आत दगड. नळाच्या पाण्यात क्लोरीन काढणारे थेंब टाका. नुसतं रात्रभर उघडं ठेवून भागत नाही, कारण काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरीनऐवजी घालतात ते क्लोरामाइन उडून जात नाही. खाऱ्यासाठी स्वयंपाकाचं मीठ नको, सागरी मत्स्यालयाचं मीठ लागतं. स्पंज कचऱ्यात.

खाण्याची काळजी सगळ्यात कमी. ओलं खोबरं, उकडलेलं अंडं कवचासकट, आंबा, बिनमिठाची कोळंबी. थोडक्यात, फोडणीआधी बाजूला काढलेलं काहीही. कॅल्शियमसाठी पोपटांना देतात तो समुद्रफेन.

आणि ते रंगवलेले शंख. खेकडा शंख बनवत नाही, गोगलगायींचे रिकामे वापरतो. त्याचं पोट मऊ आणि उजवीकडे पिळलेलं असतं, म्हणून शंख अगदी मापाचा लागतो. रंगाचे पोपडे निघतात आणि पोटात जातात. गोल तोंडाचे टर्बो जातीचे न रंगवलेले शंख आणा, प्रत्येकी तीन-चार, थोड्या थोड्या फरकाच्या मापाचे, उकळून गार केलेले. आहे तो शंख त्याच्याकडून ओढून काढू नका. सोडण्याआधी तुटतो बिचारा.

तुमच्या मिस्टरांनी सुचवलंय तसं समुद्रात सोडू नका. जर्सीच्या थंडीत टिकणार नाहीत. आणि जोडीला तिसराही घेऊ नका. विक्रीला असलेले जवळजवळ सगळे जंगली किनाऱ्यांवरून पकडून आणलेले असतात.

वास घेऊन झाला की कळवा. पेटीचा फोटोही टाका, झाकण नीट बसलंय का ते बघते.